उपाशीपोटीची गोळी

छबूबाईच्या खोलीत रोज सकाळी साबुदाणा शिजायला लागला, तेव्हा चिंचवडच्या त्या चाळीत बातमी पसरली की तिच्या नवऱ्याला, सोनबाला, वैराग्य आलं. सोनबा खेडकडचा, इंजिनांच्या कारखान्यात घण मारणारा गडी. मटणाच्या रश्शात मनगटापर्यंत उतरणारा. त्याला वैराग्य यायचं म्हणजे त्याच्या घणाला पालवी फुटायची.

खरं कारण वेगळं होतं. अठ्ठावन्न साली उन्हाळ्यात त्याचा घसा धरला, ताप आला आणि पाठोपाठ गुडघे सुजले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बजावलं, "हा ताप आता उतरेल. पण परत आला तर काळीज धरील. तो येऊ नये म्हणून ही पेनिसिलिनची गोळी. सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी. चुकवायची नाही."

"उपाशीपोटी. कळलं," छबूबाई म्हणाली.

उपास तिला कुणी शिकवायला नको होता. भाकरी-भात बंद, साबुदाणा, वरई, शेंगदाणे, रताळं, दूध चालतं. त्यातून एवढं जालीम औषध कोरड्या पोटात गेलं तर आतडी जाळील, ही धास्ती. म्हणून आधी ताटभर खिचडी, वर पेलाभर दूध आणि मग गोळी. संध्याकाळी वरईचा भात, दाण्याची आमटी. मीठसुद्धा सैंधव.

"छबे, देव पावला की आमच्याकडंबी धाड," शेजारची गोजाबाई म्हणायची.

"देवाचं ठावं न्हाई, गोजाक्का," सोनबा आतून म्हणायचा, "पर पोट पावलंय."

सहा महिने एक गोळी चुकली नाही. थंडीत ताप परत आला. या खेपेला गुडघे राहिले बाजूला, जिना चढताना सोनबाला धाप लागली.

"गोळ्या चुकवल्यात," डॉक्टर म्हणाले.

छबूबाईने पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. धुऊन, पुसून ठेवलेल्या.

"उपाशीपोटीच दिल्या ना?"

"अन्नाचा कण जाऊ दिला न्हाई, डाक्टर. आदी खिचडी, मग गोळी."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, पोटात खाणं असलं की तिथलं आंबट पाणीच गोळी फस्त करतं. रक्तात जायला उरतं काय?"

"पर ते उपासाचं व्हतं."

"पोटाला कुठं कळतंय उपासाचं?"

छबूबाईने बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या. मग म्हणाली, "मग रिकाम्या पोटी म्हनायचं व्हतं."

डॉक्टरांच्या घरीही दर सोमवारी उपासाची खिचडी होत असे.

सोनबाच्या काळजाची झडप गेली ती गेलीच. घण सुटला. गोळी मात्र सुटली नाही. आता कारखान्याच्या पहाटेच्या भोंग्याला ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढच्या भोंग्यापर्यंत काही खायचं नाही, असा नेम झाला. छबूबाईही तोवर तोंडात काही घालत नसे.

चतुर्थीला सकाळीच गोजाबाईने खिचडीची ताटली धाडली. छबूबाई ती झाकून परत घेऊन गेली. "आमच्यात उपास बंद झालाय, गोजाक्का."

"का गं? देवावर रुसलीस?"

"देवावर न्हाई."

ती घरी आली. सोनबा भिंतीला टेकून बसला होता. "लई भूक लागली बग," तो हसत म्हणाला, "तुज्या त्या खिचडीनं सवय बिघडिवली." पूर्वी अशा बोलण्यावर ती लाटणं उगारायची. आज तिने गुपचूप भाकरी थापायला घेतली.

दुसरा भोंगा झाला. चाळीतले गडी डबे घेऊन कामावर निघाले. सोनबाला खायची मुभा मिळाली.