साथीदाराचं मरण

मुखेडच्या आठवडी बाजारात एका गाड्यावर जुनी कॉमिक भाड्यानं मिळायची. माझा चुलतभाऊ, ज्याला मी अण्णा म्हणतो, ती तिथंच उभ्यानं वाचायचा आणि घरी आला की काकूचं धुतलेलं लुगडं गळ्याला बांधून सुपरहिरो व्हायचा. मी त्याच्याहून वयानं थोडा लहान, अंगानं बराच मोठा आणि सांगितलेलं ऐकणारा. त्यामुळं साथीदार कोण, यावर घरात कधी चर्चा झाली नाही.

साथीदाराचं काम म्हणजे "सावध रहा" असं ओरडायचं आणि मग खलनायकाच्या तावडीत सापडायचं. हिरो येऊन सोडवतो. एका बाजाराच्या दिवशी अण्णानं मला म्हशीच्या दाव्यानं कापडवाल्याच्या बांबूला बांधलं आणि सोडवायच्या आधी जरा जिलेबी खाऊन येतो म्हणून गेला. जिलेबी गरम होती, बाजार मोठा होता. कापडवाल्यानं काही वेळ माझ्याकडं पाहिलं आणि ताडपत्रीचं सुटलेलं टोक माझ्या दंडाला बांधून टाकलं. दुपारभर मी त्याचं दुकान उभं धरलं. अण्णा आला तेव्हा त्याच्या ओठांना पाक होता. "हलला न्हाईस ना?" त्यानं मला निरखून बघत विचारलं. नाही म्हटल्यावर माझी पाठ थोपटली. ती थोपटणी मला एवढी गोड लागली की जिलेबीचं विचारायचं राहूनच गेलं.

पुढं अण्णानं लातुरात मेडिकलच्या तयारीचा क्लास काढला आणि मला बोलावून घेतलं. अण्णा स्टेजवर बोलतो, मी माईक चालू आहे का बघतो. पोरांना मेस शोधून देणं, चक्कर आलेल्या पोरीला दवाखान्यात नेणं, निकालानंतर रडणाऱ्या आईबापांना चहा पाजणं आणि हसणाऱ्यांना अण्णाकडं पाठवणं ही माझी खाती. पगाराला अण्णा 'घरातलंच' म्हणतो. मला तक्रार नव्हती, कारण अण्णानं एक शब्द दिलेला होता: नांदेडला शाखा निघाली की ती माझी. तिथं स्टेजवर मी बोलणार आणि माईक दुसरं कोणी बघणार. बायकोनं नांदेडात घर कुठल्या भागात बघायचं, तेही मनात ठरवून टाकलं होतं.

यंदा शाखा निघायची ठरली. जाहिरातीला अण्णानं कॉमिक काढायचं मनावर घेतलं. पुण्याची एक चित्रकार मुलगी ठरली. हिरो अण्णा, खलनायक नापासासुर, आणि साथीदार मी. मुलीनं मला फोन केला.

"सर, तुमचं कॅरेक्टर फार लव्हेबल आहे. पोट आहे तेवढंच ठेवू की थोडं वाढवू?"

"आहे तेवढं पुरे आहे," मी म्हणालो आणि तो फोन आठवडाभर लोकांना सांगत फिरलो. भोकरच्या मेव्हण्याला तर दोनदा सांगितला.

छापखान्यातून गठ्ठे आणायचं काम अर्थातच माझं. राहवेना म्हणून पायरीवरच एक गठ्ठा सोडला. पहिली पानं झकास होती. मी अण्णाच्या मागून धावतोय, माझ्या एका हातात अण्णाची पाण्याची बाटली, दुसऱ्यात क्लासचा झेंडा, कपाळावर घामाचे थेंब. मधल्या पानावर नापासासुरानं भाला फेकला आणि मी अण्णासमोर आडवा आलो. पान उलटलं तर मी मेलो होतो. अण्णा माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून विजा निघत होत्या. त्याच्या पुढच्या पानावर माझी चिता, पानभर, नारिंगी. आणि शेवटी धुरातून एक तरुण चालत येत होता. मिशी ओळखीची होती, अण्णाच्या जावयाची. माझ्या हातून पडलेला झेंडा त्यानं उचलला होता आणि मागं गोदावरीचा पूल दिसत होता. तो म्हणत होता, "चला, आता नांदेड."

गठ्ठा परत बांधला, स्कूटरवर घातला आणि क्लासला आणला. दुसरं काय करणार, तो आणायलाच गेलो होतो.

"अण्णा, मला मारलं की."

"अरे, कॅरेक्टर हाय ते," अण्णा पानं चाळत म्हणाला. "साथीदार मेल्याशिवाय हिरोला खरी ताकद येत न्हाई. लहानपणी तूच सांगायचास की असं."

"आन् नांदेड?"

"जावई बघतेत. तुला कुठं ह्या वयात दगदग? तू हितंच बरा हायस." मग त्यानं चितेच्या पानावर बोट ठेवलं. "छपाई मात्र लई भारी आलीय. हे कॉमिक गावोगाव तूच वाट. तुला लोक ओळखतेत."

वाटली. आपल्या मरणाची जाहिरात आपल्या हातानं वाटायची म्हणजे चेहरा कसा ठेवावा, हे कोणी शिकवत नाही. मी हसरा ठेवला.

घरी बायकोनं ते शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता नांदेडवरून बोलेल. ती चितेच्या पानावर थांबली.

"अवो, तुम्हाला जाळलं का?"

"चित्र आहे ते."

"असू द्या की. आपल्यात जाळतेत का कुणाला? बसवून, लिंग हातात देऊन पुरतेत. अण्णांना ठाव न्हाई? त्यांच्या वडलांना पुरायला तुम्हीच खड्ड्यात उतरला होता."

खरंच होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात चिता नाही. जाळ चित्रात चांगला दिसतो म्हणून अण्णानं माझ्यावरून आमची रीत ओलांडली होती.

काही दिवसांनी मी क्लासच्या दारात उभा होतो. एका विद्यार्थ्याचे वडील मुखेडच्या एसटीतून उतरून आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात हार. मला बघून जागीच थबकले.

"सर, तुमी हायत?"

"हाय की."

"मग हे काय वाटायलेत?" त्यांनी पिशवीतून कॉमिक काढलं. "पोरानं घरी आणलं. आमी म्हणलं, क्लासनं छापलंय म्हणजे खरंच असंल. गावात लई हळहळले लोक. फकस्त म्हातारी म्हणली, त्या सरांच्यात जाळत न्हाईत, जाऊन बघ." हाराकडं बघून ते जरा अवघडले. "आता ह्याचं काय करू?"

हार त्यांनी शेवटी अण्णाच्या गळ्यात घातला. एवढ्या लांबून आणलेला, वाया कशाला घालवायचा. अण्णानं मान पुढं करून तो घेतला.

ती चिता मात्र अण्णाला भोवली. उदगीरपासून समाजातल्या वडीलधाऱ्यांचे फोन येऊ लागले. व्यापारी लोक, त्यांची पोरं क्लासला. मी मेलो याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं; जाळला का, एवढंच विचारत होते. पहिल्यांदाच अण्णाचा चेहरा उतरलेला दिसला. त्यानं मला आत बोलावून दार लावलं.

"चूक झाली आपली," तो म्हणाला.

नांदेडचं घर, स्टेज, माईक धरणारा दुसराच कोणी, सगळं क्षणभर परत उभं राहिलं.

"दुसरी आवृत्ती काढू," अण्णा म्हणाला. "तुला रीतसर पुरू."

पुण्याच्या मुलीला आमची समाधी माहीत नव्हती. फोनवर मीच तिला सगळं समजावलं: मांडी कशी, भस्म कुठं, बेल कुठं, डाव्या तळहातावर लिंग. ती म्हणाली, "सर, तसे बसून एक फोटो पाठवता का? म्हणजे अचूक येईल."

क्लासच्या गच्चीवर सतरंजी टाकली. माझे गुडघे आता मांडीला राजी नसतात, म्हणून जावईबापूंनी पाय दाबून बसवले. तेवढ्यापुरते ते नांदेडहून आले होते. अण्णानं स्वतः माझ्या कपाळावर भस्माची बोटं ओढली, मोबाईल धरून मागं सरकला आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. बाजारातल्या त्या दुपारनंतर एवढं निरखून त्यानं मला बघितलं नव्हतं.

"लई जिवंत वाटायलास," तो म्हणाला. "मान जरा वाकडी कर."

मी मान वाकडी केली.

"हां. आता हलू नको."