गॅसवरचं औषध

साठच्या दशकात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतला रविवार इतका शांत असे, की पलीकडच्या गल्लीत कुणी चहात साखर ढवळली तरी आमच्या खिडकीच्या काचा किणकिणत. मोटारींचे कारखाने बंद, दुकानं बंद, आणि माणसं बहुधा घडी करून कपाटात ठेवलेली. मी तिथल्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. पगार बरा होता, पण महागाई त्याच्यापेक्षा बरी होती. खोलीतल्या हीटरच्या मीटरला सारखं शिलिंग भरवावं लागे. तो राक्षस माझ्यापेक्षा चांगला जेवायचा. दुकानातलं महागडं वांगं मी नुसतं बघून यायचो. बघायला पैसे पडत नसत.

तरलो ते खोलीमुळे. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरचा मजला, भाडं इतरांच्या निम्मं, आणि रविवारी स्वयंपाकघर वापरायची मुभा. अट एकच. घरात वास आला तर त्याच आठवड्यात खोली रिकामी, असं घरमालकीणबाईंनी बजावलं होतं. माझ्या आधीचा भाडेकरू एका सुक्या बोंबलापायी रस्त्यावर आला होता. त्यामुळे मी उकडलेल्या बटाट्यांवर राहिलो. त्यांना वासही नसतो नि चवही. भांडण कशाचं होणार?

मग लग्न करून बायकोला आणलं. ही खोली गेली तर दोघांचं भागणार नाही, तुला परत पुण्याला पाठवावं लागेल, हे मी तिला विमानतळापासून घरापर्यंत समजावत आलो. तिनं मान डोलावली आणि पहिल्याच रविवारी ट्रंकेतून हिंगाची डबी काढली.

"अगं, वास..."

"चिमूटभरच घालतेय हो. गाल बघा तुमचे, कसे बसलेत."

आमटीला फोडणी बसली. शेल्फवरच्या चिनी मातीच्या कुत्र्याला शिंक आली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. बैठकीच्या खोलीतून मालकीणबाई गॅस गळतोय असं ओरडत आल्या, मुख्य कॉक बंद केला, नवऱ्याला बाहीला धरून बाहेर काढलं आणि शेजारपाजारच्यांची दारं बडवली. बघता बघता सगळी गल्ली बर्फात उभी. कुणाची दाढी अर्धी झालेली, कुणाच्या हातात जेवणाची ताटली.

"अहो, हे सगळे कशासाठी जमलेत?"

"तुझ्या आमटीसाठी," मी म्हणालो.

गॅसवाला आला. सगळे पाइप हुंगून झाल्यावर नाकाच्या मागोमाग डबीपर्यंत पोचला, ती हात लांब करून धरत बाहेर आला आणि हे काय म्हणून विचारू लागला. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खोली रिकामी झालेली मला स्वच्छ दिसली. मी घाईघाईनं पुणेरी इंग्रजीत म्हणालो, "धिस इज फॉर गॅस."

सगळी गल्ली दोन पावलं मागे सरली. गॅसवाल्यानं डबी बाँब ठेवावा तशी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. आमच्या देशात सगळे हे खातात, मग गॅस होत नाही, असा मी खुलासा केला. त्यानं आणखीच बिघडलं. शेवटी मी पोटावर हात ठेवला, गाल फुगवले आणि तोंडानं असा काही आवाज काढला, की एका बाईंनी हातातली ताटली सोडली.

तेव्हा, आपल्या बायकोसमोर सहसा तोंड न उघडणारे आमचे मालक हळूच म्हणाले, "ओह. विंड."

इंग्रजांच्या पोटात गॅस नसतो, विंड असतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मालकांच्या पोटात तर सगळा अटलांटिक घोंघावत असे; त्यापायी बिचारे मागच्या खोलीत एकटे झोपत. मला वाटायचं, कारखान्याचा भोंगा होतो.

बायकोनं वेळ दवडली नाही. कोमट पाण्यात हिंग-मीठ ढवळून त्यांच्या हातात दिलं. ते प्याले. गल्ली थांबली. मग जे झालं त्यानं बर्मिंगहॅमपर्यंतची कबुतरं उडाली. मालकांच्या चेहऱ्यावर मात्र लहान बाळासारखं समाधान.

मालकीणबाईंनी रिकामा पेला घेऊन हुंगला. मी मनातल्या मनात ट्रंक भरत होतो. मग त्यांनी बायकोला विचारलं, हे औषध आठवड्यातून एकदा पुरतं का?

"रोज घ्यावं म्हणावं," बायको मला म्हणाली.

मी इमानेइतबारे भाषांतर केलं. फक्त पदरचं एवढंच घातलं, की ते रोज ताज्या आमटीतून, आणि याच घरात शिजलं तर जास्त लागू पडतं.

पुढे सत्तरच्या दशकात शिलिंग जाऊन नवी नाणी आली, पावापासून बसच्या तिकिटापर्यंत सगळं चढत गेलं. आमचं भाडं होतं तिथंच बसून राहिलं. स्वयंपाकघर रोजचं झालं, घरात वांगी आली, माझे गाल वर आले. मालकांचा बिछाना पुढे मालकीणबाईंच्या खोलीत गेला. एकदा शेजारी नवीन आलेले गृहस्थ घाबरून दार वाजवायला लागले, तुमच्याकडे गॅसचा वास येतोय म्हणून. आमटीची वाटी हातात घेऊनच मालकीणबाईंनी दार उघडलं.

"गॅस नाही," त्या म्हणाल्या. "गॅसवरचं औषध आहे."