आडनाव काय म्हणालात

कळंबला बदली झाली तेव्हा मी एका घरी खोली बघायला गेलो. घरमालक टीव्हीवर हिंदीत केलेला अंतराळातला सिनेमा बघत होते. "बसा, संपतच आलाय," म्हणाले आणि आत चहा सांगितला. यानात एकटाच माणूस, बाहेर नुसता अंधार. आपण कोण, कुठले, नाव काय, त्याला काहीच आठवत नव्हतं. मालकांनी टॉवेलनं डोळे पुसले.

"लई वाईट वाटतं हो. माणसाला माणूस न्हाय तिथं."

मलाही भरून आलं होतं.

सिनेमा संपल्यावर ते म्हणाले, "खोली तुमचीच समजा. आडनाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. मग सांगितलं. आडनाव ऐकलं की आमच्याकडं जात विचारावी लागत नाही.

"पुतण्या यायचाय हो राहायला. ध्यानातच न्हाय राहिलं."

त्या पुतण्याचा मला राग नाही. राग येतो तो त्या टॉवेलचा, अजून येतो. यानातल्या माणसाचं नशीबच चांगलं. त्याला आडनाव आठवलं असतं आणि ते माझं निघालं असतं, तर मालकांनी टीव्ही बंद केला असता.