बायलरची जीभ

पितळी तांब्यातलं पाणी ओंजळीत घ्यायचं, घोटभर तोंडात धरायचं, डोळे मिटायचे आणि पच्‌कन बाजूला थुंकून म्हणायचं, "गोडं हाय. पेटवतो." एवढं झाल्याशिवाय आमच्या गिरणीच्या बायलरखाली जाळ लागत नसे.

कोलशेतच्या खाडीकाठी भात सडायची ती गिरणी होती. मी तिथला कारकून आणि तो आगवाला. बायलरची भट्टी सांभाळायची, हे त्याचं काम. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला "भाऊसाब" म्हणायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते घ्यायचा हक्क मी गमावून बसलो आहे, आणि का, तेच सांगायला बसलोय.

त्याचा जन्म मिठागरात गेला होता. उन्हातान्हात उभं राहायची सवय, म्हणून शेटनी त्याला भट्टीपुढे उभा केला. अक्षरशत्रू माणूस, पण बायलर त्याला कळायचा. मला पुस्तकातून कळायचा, म्हणजे फारसा कळत नव्हता.

ज्यांनी बायलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचं मोठं बंद भांडं, त्याच्या पोटात भट्टी आणि भट्टीच्या छतावर पाणी. त्या छताला एक बूच बसवलेलं असतं, आणि बुचाच्या पोटात शिसं भरलेलं असतं. पाणी कमी पडलं की छत तापतं, शिसं वितळतं, आणि त्या भोकातून वाफ आणि पाणी खाली येऊन जाळ विझवतं. गिरणी बंद पडते, पण बायलर फुटून माणसं मरत नाहीत.

पहिल्याच वर्षी हे शिसं महिन्यात दोनदा वितळलं. सगळ्यांनी त्यालाच धरलं. "पाणी कमी होऊ दिलंस. डुलकी लागली असेल." मीही त्या सगळ्यांतलाच एक होतो.

"काच भरलेली व्हती, भाऊसाब," तो म्हणाला. बायलरच्या तोंडाशी पाण्याची उंची दाखवणारी काचेची नळी असते, ती.

"काच खोटी दाखवत असेल."

त्याने वाद घातला नाही. नवं शिसं भरून वाफ धरल्यावर त्याने मला हाताला धरून काचेपुढे उभं केलं. खालची बारीक तोटी उघडली, काच रिकामी झाली. तोटी बंद केली, तसं पाणी झटक्यात परत वर चढलं. "वाट मोकली हाय. काच खरं बोलते. आता पोटात बघू." बायलर निवल्यावर तो दिवटी घेऊन आत शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर नखाएवढी जाड पांढरी खपली होती. त्याने तिचा तुकडा जिभेवर ठेवला आणि हसला.

"मीठ. काठावरच्या हिरीचं पानी भरताव ना आपन? उधानाला ती हीर मचूल होते, खारावते. ह्ये मीठ बुचावर बसतं, मग वर पानी असून बी शिश्याला त्ये लागत नाय. शिसं बिचारं समजतं, पानी संपलं."

तेव्हापासून काठावरची विहीर बंद झाली. गिरणीचा पखाली आतल्या तळ्यावरून रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल घालून गोडं पाणी आणू लागला आणि उंचावरची टाकी भरू लागला. त्या पाण्यातलंच तांब्याभर तो कट्ट्यावर काढून ठेवायचा. तांब्या आगवाल्याचा स्वतःचा, घरून आणलेला. मी एकदा थट्टेने विचारलं, "अरे, रोज रोज काय चाखायचं त्यात?"

"बायलरला जीभ नाय, भाऊसाब. त्याच्या वाटचं मीच चाखतो."

हे त्याचं पालुपदच होऊन बसलं. त्या जिभेचा पखालीला धाक असे. "आज म्हशी धुतात त्या अंगानं भरलंस," असं तो सांगायचा आणि पखाली कान धरायचा. मी कधी डब्यातली लोणच्याची फोड दिली, तर चघळून म्हणायचा, "आज वहिनींनी मीठ हात राखून टाकलंय. भांडून आलाव काय?" आणि खरंच भांडून आलेलो असायचो. तुम्ही सांगा, अशा माणसाशी लबाडी करायचं कुणाच्या मनात येईल? माझ्या आलं.

ऐन हंगाम होता. तांदूळ न्यायला पडाव धक्क्याला लागलेले. आणि नेमका पखालीचा रेडा लंगडा झाला. गोडं पाणी निम्मंही येईना. आगवाला म्हणाला, "मचूल पानी मी पेटवनार नाय. रेडा बरा होईस्तवर अर्धा दिवस चालवा." मी हे शेटना सांगायला गेलो. शेट गादीवरून न हलता म्हणाले, "गिरणी तू चालवतोस, की त्या आगवाल्याची जीभ चालवते?" आजूबाजूची माणसं खो खो हसली.

ते हसणं मला झोंबलं. खरं सांगतो, तांदळाची निकड हे निमित्त होतं. झोंबलं ते हसणं. मी पखालीला बाजूला घेऊन सांगितलं, टाकी काठावरच्या विहिरीने भर, आणि तांब्यात मात्र तळ्याचं पाणी ठेव. आगवाल्याला सांग, दुसऱ्याचा रेडा मागून आणला.

पखाली चाचरला. "त्याला सांगा तरी, साहेब."

"तू गप्प बस. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

आठ दिवस रोज सकाळी तो तांब्यातलं पाणी तोंडात धरून, डोळे मिटून म्हणायचा, "गोडं हाय." आणि मी खिडकीआड उभा राहून हसायचो. जीभ म्हणे! मला तेव्हा गंमत वाटायची, हे लिहिताना आज तोंड लपवावंसं वाटतं.

नवव्या दिवशी शिसं गेलं. तो भट्टीचं दार उघडून लाकूड सारत होता. वाफेचा लोट दारातून बाहेर आला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला. त्याला घरी पोचवलं. मुंबईहून इंजिनेर यायचा होता, त्याच्याआधी मी माणूस आत उतरवून सगळी पांढरी खपली खरवडून घेतली आणि टोपलीभर खाडीत टाकायला लावली. टाकीही रिकामी करून धुवून घेतली. त्या कामावर मी स्वतः उभा होतो.

इंजिनेरने बायलर पाहिला. आत स्वच्छ. मग हात बांधून आलेल्या आगवाल्याला त्याने विचारलं, "पाणी खारं होतं?"

मी हातातल्या वहीत डोकं घातलं.

"नाय, साहेब," तो म्हणाला. "मी सोता चाखलं. रोज चाखलं. गोडं व्हतं."

"मग पाणी कमी पडलं. तुझा हलगर्जीपणा."

"काच भरलेली व्हती, साहेब." पण ते आता कोण ऐकतो? स्वतःला सोडवायची एकच वाट होती, ती त्याने खरं बोलून बंद केली. शेटनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं.

जाण्याआधी तो माझ्या मेजापाशी आला. डाव्या हातात तांब्या. हाताची तक्रार नाही, नोकरीची नाही.

"भाऊसाब, मी लय इचार केला. काच भरलेली व्हती, ह्ये मी डोल्यांनी बघितलं. पानी कमी नव्हतं. म्हंजे पानी खारंच असनार, दुसरं काय कारन नाय. आनि मना त्ये गोडं लागलं." त्याने तांब्याकडे पाहिलं. "माझी जीभ मेली का हो?"

एवढा नेमका विचार त्या इंजिनेरनेही केला नव्हता. सगळ्या पायऱ्या तो बरोबर चढला होता. शेवटची माझ्या लबाडीने मोडून ठेवली होती. एक वाक्य बोललो असतो तर त्याची जीभ त्याला परत मिळाली असती. आणि माझी नोकरी गेली असती.

मी म्हणालो, "वय झालं आता तुझं."

त्याने मान हलवली. पटलं त्याला. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. तांब्या त्याने मेजावर ठेवला. "ह्यो आता माझ्या काय कामाचा," म्हणाला आणि गेला.

पुढे नवा आगवाला आला. पाणी तळ्याचंच भरलं जाई, याकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहत असे. रोज सकाळी कुणी नसताना मी त्या तांब्यातून चाखायचोही. पण त्याच्या गावाकडे जायला मला पाच वर्षं लागली. गाव खाडीने तासाभराच्या वाटेवर होतं.

गेलो तेव्हा तो नव्हता. पावसाळ्यापूर्वीच वारला होता. त्याची बायको ओटीवर आली. मी तांब्या पुढे केला आणि म्हटलं, हा द्यायचा राहिला होता. खरं सांगायचं होतं ते वेगळंच होतं, वाटभर त्याची उजळणी करत आलो होतो.

तिने तांब्या पदराने पुसला. "परत मिठागरात जायचे," ती सांगू लागली, "पन जिभेवर कायच ठेवायचे नाय. मीठ कसं पडलंय, त्ये दुसऱ्याला इचारायचे. घरात कालवनाचं बी मनाच इचारायचे, मीठ बराबर हाय का गं? बोलायचे, माझी जीभ मेली, तिच्यावर इस्वास ठेवू नको."

ती तांब्या पुसतच राहिली.

"जाताना तुमचंच नाव घेत व्हते. बोल्ले, भाऊसाब कधी भेटले तर सांग, मी जानून नाय केलं. माफी करा बोल्ले."

आता बोलायचं, आता बोलायचं, असं म्हणत मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती आत गेली आणि त्याच तांब्यात पाणी घेऊन आली. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं असतं. मी तांब्या तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यालो.

"गोडं हाय ना?" तिने विचारलं. "आमची हीर खाडीजवल हाय."

"गोड आहे," मी म्हणालो. त्या घरात मी तेवढंच खरं बोललो.