कांतराव उंब्रजकरांचं शेवटचं पद

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड मला उंब्रजच्या बाजारात मिळालं. पोस्टमननं मिरचीच्या ढिगांमधून हाक मारली, कार्ड हातात दिलं आणि मान खाली घालून तो निघून गेला. कोपरा फाडलेलं कार्ड देणारा थांबत नाही. मामीनं शेजारच्या कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. मामा गेले होते. त्या दिवशी बाजारात आमची सभा होती आणि मी बोललोही. काय बोललो ते आठवत नाही… नंतर एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातही नाटकाचं नाव चुकलेलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या गळ्यावर तीन जिल्ह्यांतली थिएटरं भरली, त्याला चार ओळी, आणि त्याही चुकीच्या! राग आला, म्हणून लिहायला बसलो. पण लिहू लागलो की कळतं, हा राग वर्तमानपत्रावर काढून भागणारा नाही.

कांतराव हे नाव कंपनीनं दिलेलं. माझे मामा खरे कोंडिबा. उंब्रजजवळच्या आमच्या आजोळी विहिरीवर मोट हाकायचे. मोट हाकणारा गातोच. पण मामांची खोड अशी की भरलेली मोट पाण्यातून निघाली की सूर धरायचा आणि ती वर येऊन थारोळ्यात रिकामी झाल्याशिवाय श्वास सोडायचा नाही. एकदा साताऱ्याला निघालेली एक नाटक कंपनी बैलांना पाणी पाजायला तिथं थांबली, आणि मालक ते ऐकून गाडीतून खाली उतरले. आजोबांनी त्यांना सरळ सांगितलं, "आवं, आमचा थोरला पल्टणीत हाय. ह्यो धाकटा साडी नेसून नाचनार व्हय? लोक तोंडात शेण घालतील." तरी मामा गेले. आईनं भाकरी बांधून दिली होती, एवढंच ती सांगायची.

कंपनीत पहिली दोन वर्षं त्यांना एकही वाक्य दिलं नाही, नुसती पदं. बोलले की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडायचं आणि राजकन्येच्या तोंडी ते शोभत नव्हतं. मालकांनी छडी घेऊन ती भाषा मोडली. पुढं मामा रंगमंचावर असं शुद्ध बोलायचे की पुण्याचे लोक त्यांची जात-गोत विचारत. पण रंग उतरवला की परत कोंडिबा. मिरजेचे दाऊदभाई त्यांना ऑर्गनची साथ करत. वाद्यं बनवणाऱ्या घरातले, उंच, बोलायला तिखट. ते म्हणायचे, "कांतराव, तुमचा राजा विंगेत आला की गुराखी का होतो?" मामा म्हणायचे, "राजा दमतो दाऊदभाई. गुराखी न्हाई दमत." आवाज फुटल्यावर बायकी भूमिका सुटल्या आणि नायकाच्या आल्या, पण पट्टी खाली आली नाही. इतर गायक जिथं चढताना मान ताणायचे, तिथं मामा नुसते उभे असायचे.

नव्या वाचकांना वन्समोअर सांगायला हवा, कारण बोलपटानं तोही मारला. पद संपलं आणि लोकांना आवडलं की मागून आरोळी यायची, 'वन्समोअर!' मग प्रवेश कितीही रंगात असो, नट परत पहिल्या ओळीवर. दाऊदभाई पद संपल्यावर बोट उचलतच नसत. षड्ज धरून ठेवायचे, म्हणजे आरोळी आली की मामांनी तिथूनच उचलावं. साताऱ्यात एकदा मरणारा नायक चार वेळा उठून गायला. शेवटी पिटातून, मागच्या स्वस्त जागांतून, एक शेतकरी ओरडला, "आरं मरू द्या की रं त्येला! बैलं सोडायची हायती आमाला!" मेलेले मामा हसू दाबताना थरथरले आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मला ह्या सगळ्याची लाज वाटायची. मी सांगलीला शिकत होतो, मग शिकणं सोडून चळवळीत गेलो. लोक उपाशी आहेत आणि हे मेलेले राजे चार-चार वेळा गातात, असं मी मामांना त्यांच्या घरी जेवताना ऐकवायचो. ते मामीला म्हणायचे, "ह्याला अजून एक भाकरी दे. बोलून भूक लागली आसंल."

मग कंपनी मोडली. थिएटरला पडदा लावला, त्यावर मुंबईची माणसं गाऊ लागली. मामा सांगलीतल्या एका खोलीत येऊन बसले. सहा वर्षं कुणी बोलावलं नाही. आणि ऐन लढाईत, आमची अर्धी माणसं तुरुंगात आणि अर्धी उसाच्या फडांत लपलेली असताना, बोलावणं आलं ते इंग्रज सरकारच्या युद्धनिधीच्या खेळाचं. पुढच्या कोचांवर साहेब, मामलेदार, ठेकेदार बसणार होते. मामांनी हो म्हटलं.

मी लपतछपत त्यांच्याकडं गेलो. "मामा, गाऊ नका."

"सहा वर्षांनी ऑर्गन लागतोय, दामू."

"कुणापुढं गाताय ते कळतंय का तुम्हाला?"

"पुढं कोन बसलाय ते मी कवाच बघत न्हाई. मी मागच्यांसाठी गातो. तिकडून हाक आली तर गानं झालं. कोचावरची मान्सं नुसती बोटं वाजवत्यात."

हे वाक्य घेऊन मी बाहेर पडलो. त्यांनीच मला ते दिलं होतं. त्या रात्री पत्रक मी एका बैठकीत लिहिलं, आणि ते मी लिहिलेलं सगळ्यांत चांगलं पत्रक आहे हे आजही मान्य करतो. 'खेळाला जा,' मी लिहिलं. 'तिकीट काढा, पिटात बसा, पद ऐका. पण वन्समोअर देऊ नका. विकलेल्या गळ्याला तुमची हाक मिळणार नाही.' बहिष्कार टाकला असता तर रिकाम्या थिएटरचा दोष पोलिसांवर, पावसावर, कशावरही घालता आला असता. मला तो दोष मामांवरच हवा होता.

रविवारचा दुपारचा खेळ. मी मुंडासं बांधून पिटात बसलो. मामा आले आणि पहिलंच पद असं गायले की माझ्या शेजारचा तेली डोळे मिटून मांडीवर मूठ आपटत राहिला. ते चढले, सूर धरला, धरला… मोट पार वर येऊन रिकामी झाली असती. पद संपलं. कोचांवर बोटं वाजली. मागं पाचशे माणसं गप्प. तेल्यानं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. दाऊदभाईंनी सवयीनं षड्ज धरला होता. मामा हात तसाच वर ठेवून मागं बघत उभे. ऑर्गनचा सूर चाललाच होता. तो किती वेळ चालला ते मला सांगता येणार नाही. शेवटी मामांनीच दाऊदभाईंकडं बघून मान हलवली. सूर थांबला. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, आणि त्या वाक्यात, तीस वर्षांत पहिल्यांदा, 'न्हाई' आलं. पिट हसलं. मीही हसलो.

आमच्या बातमीपत्रात तो विजय म्हणून छापला. मथळा माझाच. त्यानंतर मामा कुठंही गायले नाहीत.

मला पुढं पकडलं, सोडलं, स्वराज्य आलं. त्या दिवशी कोचावर बसलेल्या ठेकेदारानं आता खादी घेतली आहे. गेल्या वर्षी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका समारंभात त्यानं माझ्या गळ्यात हार घातला आणि मी तो घालून घेतला. त्याच्याविरुद्ध कुणी पत्रक काढलं नाही. मीही नाही. कोचांवरची सगळी माणसं सुटली, शिक्षा झाली ती उभं राहून गाणाऱ्या एकट्याला. हे मला फार उशिरा दिसलं आणि दिसलं तेव्हा ओरडायचं बळ नव्हतं. दमलोय मी. आमच्यातले बरेच दमलेत, नुसतं कुणी म्हणत नाही.

सुटल्यावर मी मामांना दोनदा भेटलो. पहिल्यांदा नुसतं शेतीचं बोललो. दुसऱ्यांदा, म्हणजे ते जायच्या दोनेक महिने आधी, त्यांनीच विषय काढला. छाती भरलेली, उशीला टेकून बसले होते.

"पत्रक तूच लिवलंवतंस न्हवं?"

"हो."

"झ्याक हुतं. एक वाक्य तेवढं लांबलं. एका श्वासात बसत न्हाई. म्हनून बघितलं मी." मग उशी सारखी करत, "चुकलो व्हय रं मी?"

"चुकलात, मामा."

"व्हय. मलाबी वाटतं." ते खिडकीतून बघत राहिले. "आन् तू?"

मी म्हणालो, "मी त्या वेळी बरोबर होतो." अजूनही ते वाक्य खोटं नाही. पण त्या खोलीत मला दुसरं एक वाक्य म्हणता आलं असतं. 'मामा, एकदा गा.' तेवढंच. ते ओठांपर्यंत आलं होतं. मला वाटलं, त्यांचा गळा गेला असेल, उगाच अपमान होईल… खरं म्हणजे मला वाटलं, मागितलं तर मी हरलो. मामीनं चहा आणला आणि मी मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो.

दहाव्यानंतर मी त्या खोलीत गेलो. मामी गाठोडी बांधत होती. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, काजळीचा एक काळा, जाड पट्टा वर गेलेला. मी विचारलं, हे काय?

"ह्यांची चिमनी," मामी म्हणाली. "रोज दुपारी खिडकी लावून ट्रंकेवर चिमनी ठेवायचे आन् तिच्यापुढं तोंड करून श्वास सोडायचे. आवाज न्हाई. नुसता श्वास. ज्योत हलली की पुन्ना पयल्यापासनं. कंपनीत शिकवलेलं."

"पण गात तर नव्हते."

"कुनी बोलावलं तर तयारी पायजे, म्हनायचे." मग ती गाठ मारता मारता म्हणाली, "कुनी म्हंजे कोन, ते आता काय सांगू तुला."

मी दोन्ही वेळा त्याच ट्रंकेवर, त्याच भिंतीला पाठ लावून बसलो होतो.

"दोन्ही टायमाला तुझ्या सदऱ्याला पाठीवर काळं लागलं हुतं," मामी म्हणाली. "तसाच सभेला जानार म्हनून मी सांगाय निघाले, तर कशाचं काळं ते तू इचारशील म्हनून ह्यांनी डोळ्यानंच नगो म्हटलं."