पहिली मूठ पाखरांना

६ जानेवारी २०१४, सोमवार. सकाळी बाहेर उणे एकवीस. वारा वायव्येचा. थंडीमुळे शाळा बंद. गावातल्या दुकानात पेलेट संपले, शुक्रवारशिवाय येणार नाहीत. घरात अर्धं पोतं. लेक जॅनिसचा फोन : दुपारी शहरात न्यायला येते.

एवढं लिहून ऑर्डेलाबाईंनी वही मिटली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. अर्ध्या पोत्यावर शेगडी रात्रीपर्यंत चालली असती, मग घर गारठलं असतं. पण मागचं कोठार मक्याने गच्च भरलेलं होतं. सिरिलने, त्यांच्या नवऱ्याने, ऑक्टोबरात भरलं आणि नोव्हेंबरात तो गेला. शेगडीला दोन्ही चालायचं, मका आणि पेलेट.

मका चालत नव्हता तो बाईंना. शेगडी आल्यापासून त्यांनी तिच्यात एक दाणा टाकला नव्हता. कॉन्व्हेंटात सिस्टर हिल्डेगुंड शिकवायच्या, पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायचा. आणि अन्न जाळायचं?

सिरिल हसायचा. "गुरांना घातलेला मका चालतो तुला."

"गुरं दूध देतात."

"शेगडी ऊब देते."

वाद तिथेच थांबायचा. तो मका टाकायचा, त्या पेलेट.

अंगणातला बर्फ ट्रॅक्टरने बाजूला सारून शेजारचा डेल कॉफीला आत आला.

"काकू, शहरात चाललात म्हणे?"

"चालले नाही. नेताहेत मला."

"हिवाळ्यापुरतं म्हणून नेलेलं माणूस परत येत नाही हो. माझ्या आईचं तेच झालं. वसंतात घरच विकलं."

"कुणी विकलं रे?"

डेलने कपात आणखी कॉफी ओतून घेतली. मग म्हणाला, "कोठारभर मका असताना घर सोडताय?"

"ते अन्न आहे, डेल."

"अहो, निम्मा मका तर इथेनॉल करून पेट्रोलमध्ये घालायला जातो. तुमची गाडीच खाते की! दर रविवारी मका जाळत तर चर्चला जाता."

बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याला केकचा आणखी एक तुकडा वाढला, म्हणजे तो गप्प बसेल.

तो गेल्यावर सिरिलचा जाड कोट चढवून, बादली घेऊन त्या कोठारात गेल्या. मका खणखणीत वाळलेला होता. बादली भरली. परतताना स्प्रूसच्या झाडाखाली थांबून त्यांनी पहिली मूठ बर्फावर पसरली, पाखरांसाठी. क्रूसाची खूण केली. मग घरात येऊन शेगडीच्या पेटीत मका ओतला, वर डबाभर पेलेट मिसळले. सिरिल तसंच करायचा, म्हणजे मक्याची राख वितळून शेगडीत जो खडा धरतो, तो कमी होतो.

तासाभरात भाजलेल्या दाण्यांचा वास खोलीत पसरला. सिरिलच्या कोटाला वर्षानुवर्षं तोच वास होता.

जॅनिस आली ती बूट न काढताच. "आई, बॅग कुठे?"

"कपाटात. रिकामी."

"आई, हट्ट करू नकोस." जॅनिसने टोपी काढली. मग मफलर. मग कोटही. "हा लाह्यांचा वास कसला? तू मका जाळतेस? तू?"

"जाळत नाही. शेगडीला जेवायला घालते आहे."

"आणि वीज गेली तर? शेगडीचा पंखा बंद पडेल."

"तर येईन की तुझ्याकडे. हट्टी आहे, वेडी नाही."

जॅनिसने शेगडीपुढे हात धरले आणि खुर्ची जवळ ओढली. "माझ्या घरात एवढं गरम नसतं," ती पुटपुटली. मग बटाट्याचं सूप दोनदा मागून घेतलं, आणि दिवस मावळायच्या आत एकटीच परत निघाली.

संध्याकाळी बाईंनी वही उघडली. पाखरं येऊन गेली. मका दोन बादल्या, पेलेट एक डबा. राखेचा खडा एकदा काढला, सिरिलच्या लोखंडी आकड्याने. सूप उरलं नाही.