शेषरावांनी उपटलेलं तण

देऊळघाटात शेषरावांच्या बांधावर गवताची काडी दिसलीच, तर ती शेजाऱ्याच्या शेतातून उडून आली असं समजावं. हाडाचा भाजीपाला पिकवणारा शेतकरी, रिकामं बसवलं की माणूस आजारी पडे. त्यांची लेक जयमाला मात्र कोकणात, कारण जावई गजेंद्र तिकडे शाळामास्तर. या परमुलखातल्या पोरीला तिथल्या बायकांनी नुकतंच आपल्या बचत गटात घेतलं होतं. गट खाडीतल्या खारफुटीत जाळीचं कुंपण घालून खेकडे, म्हणजे तिकडच्या कुर्ल्या, वाढवायचा.

उन्हाळ्यात शेषराव लेकीकडे गेले. बसून बसून अंग आंबलं. मग एका सकाळी ओहोटी बघून ते खाडीत उतरले आणि कुंपणाच्या कडेची सगळी रोपटी उपटून ढीग घातला.

"केवढं तण माजू देलं वं! आता पाह्य, कसं लख्ख झालं."

जयमालाच्या पायाखालची जमीन सरकली. "बाबा, तण नाई ते! बायांनी लावलेली खारफुटी हाय. कात टाकली का खेकडा मऊ पडते, मंग याच्यातच लपते. नाई तं बाकीचे त्याले खाऊन टाकतात."

बायका जमल्या. परकी बाई घेतली की असंच होणार, तिला काढा, असं एकीने तोंडावर म्हटलं. शेषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माही, पोरीले काऊन शिक्षा?" ते म्हणाले. "मी लावून देतो."

"नवीन शेंगो पावसात पडतत," गटाची पुढारीण चांगुणा म्हणाली. "तवसर रवतलात?"

"हाव, पाऊस पडेपर्यंत राह्यतो."

उपटलेली रोपं त्यांनी लगेच परत रोवली, पण निम्मी वाळली. जयमालाला कामाची पाळी देणं मात्र बायकांनी थांबवलं. मृग लागला, झाडांच्या लांबट शेंगा गळू लागल्या, तसे शेषराव गुडघाभर चिखलात एकेक शेंग उभी खोचू लागले. मऊ जमीन पाहून हात आपोआप ओळ धरत होते. तेवढ्यात घरून बायकोचा, आशाबाईंचा फोन आला.

"सारं गाव पेरून राह्यलं. तुमी कवा येता?"

शेषरावांची पेरणी जन्मात चुकली नव्हती. त्यांनी हातातली शेंग चिखलात खोचली.

"यंदा तूच पेर. मी इथं पोरीसाठी तण लावून राह्यलो."

शेजारी शेंगा वेचणाऱ्या चांगुणाने ते ऐकलं आणि काठावर उभ्या त्यांच्या लेकीला हाक मारली, "गो जयमाला, उद्या कुर्ल्यांका खाणा घालूची पाळी तुझी."